तणावमुक्ती अनिवार्य आहे

कंपनीला कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा पुळका आला की समजावं, आर्थिक वर्ष संपत आलंय आणि एचआरच्या एका खात्यात पैसे शिल्लक आहेत. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत वेलनेस वीकची जी साथ येते, तिचं मूळ तिथे आहे असा माझा संशय आहे. लक्षणं सगळीकडे एकच. लिफ्टशेजारी पद्मासनातल्या बाईचा स्टँडी उभा राहतो. कॅन्टीनमध्ये समोशाच्या जागी मोड आलेले मूग येतात (समोसे शेजारच्या काउंटरवर, रोखीने). आणि सगळ्यांना एक मेल येतो.

मेल वाचण्यासारखा असतो. ‘तणाव व्यवस्थापन सत्र. गुरुवारी, रात्री साडेआठ, ऑनलाइन. उपस्थिती अनिवार्य. कॅमेरे सुरू ठेवावेत. गैरहजर राहणाऱ्यांची यादी मॅनेजरकडे पाठवली जाईल.’ रात्री साडेआठ का? तर कामाच्या वेळेत सत्र ठेवलं की काम बुडतं, आणि काम बुडालं की तणाव येतो. हे तर्कशास्त्र एकदा गळी उतरलं की पुढचं सगळं सोपं जातं.

सत्र घेणारे गृहस्थ पूर्वी स्वतः अशाच कंपनीत होते. तणाव असह्य झाला म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि ते तणावावर बोलू लागले. म्हणजे खरा उपाय त्यांना पक्का ठाऊक आहे, फक्त तो स्लाइडवर घालता येत नाही. मग ते श्वासाकडे वळतात. चारपर्यंत मोजत आत घ्या, चार मोजेपर्यंत रोखा, सोडा. शुक्रवारी ज्यांचं रिलीज आहे त्यांनी श्वास तसाही सोमवारपासून रोखलेलाच असतो. शेवटी समुपदेशनाची हेल्पलाइन जाहीर होते. ती संपूर्ण गोपनीय आहे. फॉर्ममध्ये फक्त एम्प्लॉयी आयडी आणि रिपोर्टिंग मॅनेजरचं नाव तेवढं भरायचं.

दुसऱ्या दिवसापासून पावलांची स्पर्धा. रोज दहा हजार पावलं, ॲपवर नोंद, टीमप्रमाणे गुण. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यकीय परिषदेत ठरलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. जाहिरात इतकी चालली की साठ वर्षांनी आपला टीम लीड त्यावर लोकांना गुण देतोय. पण आपल्या माणसाला कुठलंही मोजमाप दिलं की तो आधी मोजणाऱ्या यंत्राचा अभ्यास करतो. एका टेस्टिंगवाल्याने फोन बाळाच्या पाळण्याला बांधला. बाळ झोपलं, बाबा पहिले आले. बक्षीस म्हणून अर्धा किलो काजूकतली मिळाली.

तपासणी शिबिराला मात्र मी नावं ठेवणार नाही. चाळिशीतल्या ज्या माणसाने आयुष्यात दंडाला पट्टा बांधून घेतलेला नसतो, त्याला तिथे पहिल्यांदा कळतं की आपला रक्तदाब १७० वर १०० आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी सांगितली आहे. चांगलंच आहे. गंमत पुढे सुरू होते. शिबिरातला डॉक्टर सांगतो, ‘जागरणं कमी करा, वेळेवर जेवा, टेन्शन घेऊ नका.’ तो माणूस रिपोर्टची घडी खिशात घालतो आणि ज्या मॅनेजरने रात्री अकराचा कॉल लावलाय त्याच्या टेबलाशी जातो. कॉल नऊवर आणता आला तर बघा, अशी चिठ्ठी त्या मॅनेजरला लिहायचा अधिकार कुठल्याच डॉक्टरला नाही.

आणि ते व्हिटॅमिन डी. शिबिरातला एकही रिपोर्ट असा नसेल की ज्यात ते खाली नाही. बारा महिने ऊन असलेल्या या मुलखात लोकांना उन्हाची पावडर पाकिटातून दुधात घालून घ्यावी लागते, आठवड्याला साठ हजार युनिट. कारण सरळ आहे. सकाळी बंद काचेच्या कॅबमधून आलेला माणूस दिवसभर काळ्या काचेच्या इमारतीत बसतो आणि बाहेर पडतो तेव्हा पथदिवे लागलेले असतात. कंपनी यावर गप्प बसली असं नाही. तिने पाकिटांवर पंधरा टक्के सवलतीचं कूपन दिलं.

इथे मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यांच्या नेतृत्वाखाली मागण्या मांडल्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. यात ना श्वास होता, ना मूग. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मंजूर झाली. हिंदुस्थानातल्या वेलनेस कार्यक्रमांत इतका यशस्वी दुसरा मला तरी दिसत नाही. आजच्या एचआरच्या दृष्टीने त्यात एकच खोट होती, फीडबॅक फॉर्म भरून घेतला नव्हता. सूर्यास्ताला गिरणी बंद करा म्हणणाऱ्या त्या माणसाच्या राज्यात आज संध्याकाळी सहाला बॅग उचलणाऱ्याला ‘काय रे, हाफ डे का?’ असं विचारतात.

असल्या कार्यक्रमांचा उपयोग होतो का, हेही लोकांनी तपासलंय. अमेरिकेतल्या एका घाऊक विक्रीच्या साखळीत १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही ठिकाणं निवडून तिथे कार्यक्रम राबवला, बाकीच्या ठिकाणी नाही. दीड वर्षाने कार्यक्रमवाले ‘आम्ही नियमित व्यायाम करतो’ असं जास्त संख्येने सांगत होते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी, औषधपाण्याचा खर्च यांत मात्र दखल घ्यावी असा फरक नव्हता. २०१९ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. पाळण्याला बांधलेले फोन तिकडेही असावेत. पुढे २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती चाळली. ध्यान, झोपेची ॲप्स, मन कणखर करण्याचे वर्ग यांत भाग घेणारे आणि न घेणारे सारखेच निघाले. अपवाद स्वयंसेवेचा, तिथे थोडं बरं चित्र दिसलं. एचआरने हा निबंध वाचू नये अशी माझी प्रार्थना आहे. नाहीतर येत्या शनिवारी सगळ्यांना सकाळी सातला टेकडीवर वृक्षारोपणाला बोलावतील, अर्थात अनिवार्य स्वयंसेवा म्हणून.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत, सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्या उद्योगपतींनी हा अहवाल उलटा धरून वाचला असावा. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना ७० तास सुचवले, २०२५ च्या सुरुवातीला लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी ९० वर बोली नेली. सरकार मागे राहिलं तर ते सरकार कसलं? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेता येईल आणि ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला ११५ वरून १४४ तास होईल अशा बदलांना मंजुरी दिली. ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती लागेल, ही त्यातली दिलाशाची ओळ. ज्याने कंत्राटी नोकरीत सुपरवायझरने पुढे सरकवलेला कागद सही न करता परत दिलाय, असा माणूस भेटला तर मला जरूर कळवा. त्याच्या मनाच्या कणखरपणाचा वर्ग मी स्वतः लावीन.

कंत्राटी म्हटलं की गेट आलंच. वेलनेस वीकमधली सगळ्यात देखणी गोष्ट गेटवर असते. योगासनांच्या सकाळी हाउसकीपिंगच्या मावशी सहाला येऊन साठ चटया अंथरतात, नऊला त्या गुंडाळून कंबरेवर हात दाबत उचलून नेतात. त्या ठेकेदाराच्या, म्हणून चटई त्यांची नाही. सिक्युरिटीचे काका बारा तासांच्या ड्युटीत बॅगा तपासत उभे. एचआरच्या मॅडम उत्साही आणि मनाने चांगल्या, त्या जाता जाता म्हणतात, ‘काका, तुम्ही पण या ना योगाला!’ काका म्हणतात, ‘येतो की मॅडम. गेट कोण बघणार?’ मॅडम हसतात, काकाही हसतात. काकांच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या गाठी गणवेशाच्या पँटखाली असतात, त्यामुळे कुणाला दिसत नाहीत आणि कुठल्या डॅशबोर्डवर येत नाहीत. पावलांच्या स्पर्धेत काका नसणं एका अर्थी रास्तच आहे म्हणा. उभं राहण्याची पावलं मोजली जात नाहीत.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात लिहिलं होतं की उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय हवी. ते कारखान्यांपुरतं होतं. कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या बायका बसायच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडल्या तेव्हा २०१८ मध्ये केरळने दुकानांसाठी तशी तरतूद केली, तामिळनाडूने २०२१ मध्ये. बसण्यासाठी विधिमंडळं हलवावी लागली.

तर एचआर विभागातल्या वाचकांना एवढीच विनंती. या वर्षीच्या वेलनेसच्या पैशांतून चार पैसे उरले तर गेटवर एक खुर्ची ठेवा, पाठ टेकता येईल अशी. लोगो छापू नका, उद्घाटन करू नका. मात्र ठेकेदाराला लेखी कळवा, नाहीतर ‘ड्युटीवर बसायचं नाही’ म्हणत तो पहिल्याच दिवशी ती उचलून नेईल.