देश चालवायचा तर कंपनीसारखा!

टेक्सासचे अब्जाधीश रॉस पेरो यांचं म्हणणं सरळ होतं: देश धंद्यासारखा चालवा. १९९२ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरून त्यांनी पदरमोड करून टीव्हीवर अर्धा-अर्धा तास विकत घेतला आणि तक्त्यांवर छडी ठेवत राष्ट्रीय कर्जाचा पाढा वाचला. सरकारी खर्चावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. त्यांच्या ईडीएस कंपनीची भरभराट मात्र सरकारी आरोग्य योजनांच्या बिलांची कंत्राटं घेऊनच झाली होती. कंपनीत दाढीलाही मनाई करणारे हे शिस्तीचे भोक्ते जुलैत मैदान सोडून गेले, ऑक्टोबरात परतले. मतं पडली १९ टक्के. अध्यक्ष ज्यावर ठरतो ते इलेक्टोरल मत एकही नाही. उद्योगपतींनो, खुशाल बोला. फक्त ध्यानात असू द्या, मतदाराला कामावरून काढता येत नाही. तोच तुम्हाला काढतो.