गलाईच्या दुकानात फॉर लूप बसवण्याची शास्त्रोक्त पद्धत

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, सौकारपेटातल्या एखाद्या गल्लीत, खाली भट्टी आणि वर पोटमाळ्यावर लॅपटॉप अशी ज्यांच्या घराची मांडणी आहे, त्या मराठी मुलामुलींसाठी ही मार्गदर्शिका आहे. खानापूर-आटपाडीकडून सोनं गाळायला बाहेर पडलेली माणसं देशभर पांगली, त्यातली काही इथे स्थिरावली. जॉर्ज टाउन या वस्तीचं जुनं नाव ब्लॅक टाउन. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकानिमित्त ते बदललं. नाव बदललं तरी आतला माल तोच राहतो, हे व्हेरिएबलला सारखी नवी नावं देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

हाती घ्यायचं कार्य असं: आज आलेले १० लॉट एकेक करून गाळायचे आणि निघालेल्या शुद्ध सोन्याची बेरीज मांडायची. १० हा आकडा आधीच ठाऊक आहे, म्हणून ठरलेल्या फेऱ्या मारणारा फॉर लूप. ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या स्क्रॅचमध्ये तर ‘रिपीट’चा ठोकळा ओढला की १० आयताच लिहून येतो, दैवी संकेत मानून पुढे चालावं. मात्र हा ठोकळा फेऱ्या करतो, कितवी फेरी चालू आहे ते सांगत नाही. त्यासाठी ‘लॉट’ नावाचं व्हेरिएबल आपणच करावं आणि दर फेरीत एकाने वाढवावं.

‘एकूण वजन शून्य करा’ हा ठोकळा लूपच्या वर ठेवावा. तो चुकून लूपच्या तोंडात गेला, तर दर फेरीत बेरीज पुसली जाईल आणि दिवसाचं एकूण सोनं म्हणजे फक्त शेवटच्या लॉटचं सोनं ठरेल. आयकरवाल्यांना दाखवायला हा हिशेब सोयीचा, घरात चालणार नाही.

आता खरी मेख: मोजणी कुठून सुरू होते आणि कुठे संपते. ॲप इन्व्हेंटरमध्ये १ ते १० लिहिलं तर दोन्ही टोकं धरून १० फेऱ्या होतात. लॅबव्ह्यूची लूपची चौकट आपण दिलेल्या एन इतक्या वेळा फिरते, पण तिचा फेरी मोजणारा आय शून्यापासून चालतो, म्हणून शेवटच्या लॉटवर नऊचा शिक्का बसतो. अनरीअलच्या ब्लूप्रिंटमध्ये पहिला क्रमांक ० आणि शेवटचा १० दिलात, तर फेऱ्या ११. त्या अकराव्या लॉटचं गिऱ्हाईक कोण, हे घरात विचारू नये. मिंट स्ट्रीटपर्यंत चर्चा जाईल.

लॅबव्ह्यूवाल्यांना आणखी एक ताकीद. एका फेरीतली बेरीज पुढच्या फेरीत न्यायला चौकटीच्या कडेवर शिफ्ट रजिस्टर लावतात. त्याला बाहेरून शून्याची तार जोडायची राहिली आणि प्रोग्रॅम उघडाच राहिला, तर सकाळचं सोनं दुपारच्या खात्यात मुकाट मिळवलं जातं. धंद्यात बरकत आली असं वाटतं, काट्यावर ती दिसत नाही.

प्रत्येक लॉटच्या आत काय करायचं, ते थोरांना विचारावं.

“आबा, तेजाब किती वेळा टाकायचं?”

“लाल धूर थांबेपर्यंत.”

“म्हणजे किती वेळा?”

“धुराला विचार.”

इथे फॉर लूपने हात जोडून बाजूला व्हावं. सोन्यात सुमारे तिप्पट चांदी घालून मुशीत वितळवतात, म्हणजे नायट्रिक ॲसिडला (आबांच्या तेजाबाला) आतपर्यंत शिरता येतं. चांदी-तांबं त्यात विरघळतं, सोनं खाली उरतं. किती फेऱ्या लागतील ते मालावर अवलंबून, म्हणून आत अट पूर्ण होईपर्यंत फिरणारा ‘रिपीट अनटिल’ हवा. बाहेर फॉर, आत अनटिल. आतल्याची अट लिहायला विसरलात, तर दहा लॉट बाजूलाच, पहिल्याच लॉटवर रात्र निघेल.

शेवटची चाचणी दुकान बंद असलेल्या दिवसाची घ्यावी. फेऱ्यांच्या जागी ० टाका. लूप एकदाही फिरणार नाही, आणि ते योग्यच. पण खाली तुम्ही हौसेने ‘सरासरी शुद्ध सोनं’ काढलेलं असेल, तर शून्याला शून्याने भागून स्क्रॅच पडद्यावर ‘एनएएन’ (म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’) अशी तीन अक्षरं उमटवेल. मग आबा चष्मा लावून वर येतील आणि विचारतील, “ही नान कोण? तिचं किती सोनं आपल्याकडं आहे?”