थोडं थांब, नवीन येतंय

लग्नाची शूटिंगं करणाऱ्या पोराच्या हातात चार पैसे आले, की त्याला एडिटिंगचा पीसी घ्यायचा असतो. आणि पीसी घ्यायचा म्हटलं, की त्याला दादांकडे धाडलं जातं. प्रत्येक तालुक्याच्या गावी असे एक दादा असतातच. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी पाटबंधारे खात्यात नाहीतर बँकेत, आणि अंगातला टी-शर्ट ग्राफिक कार्डाच्या कंपनीचा, कुठल्याशा प्रदर्शनात फुकट मिळालेला.

‘‘बजेट?’’

‘‘ऐंशी हजार, दादा.’’

दादा डोळे मिटून घेतात. बजेट विचारायची आपली एक रीत आहे. पुढच्या बोलण्याशी त्याचा संबंध नसतो. पाठकोऱ्या कागदावर यादी सुरू होते. प्रोसेसर चांगला घेतला तर कार्ड त्याला शोभेलसं हवं, कार्ड मोठं तर एसएमपीएस मोठा, एसएमपीएस मोठा तर कॅबिनेट मोठं. रॅम चौसष्ट जीबी. बत्तीसमध्ये काय, टायपिंग करायचंय? बेरीज पावणेदोन लाखांवर जाते तेव्हा दादा हळूच सांगतात, ‘‘यात मॉनिटर धरलेला नाही.’’

पुण्यातली तापकीर गल्ली, मुंबईतला लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडचे दुकानदार दादांना ओळखतात. ओळखतात म्हणजे, लांबून येताना दिसले की फोन कानाला लावतात.

माणूस अडाणी नाही, हे सांगायला हवं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाला शेवटी ‘एफ’ लागतो तो थोडा स्वस्त असतो, पण त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही नसतं. हल्लीच्या कॅमेऱ्यांचं टेन-बिट फोर-टू-टू एचईव्हीसी फुटेज उलगडायला तेच लागायचं. महागड्या एनव्हीडिया कार्डांनाही २०२५ च्या पन्नास मालिकेपर्यंत ते जमत नव्हतं. चार पैसे वाचवायला ‘एफ’ घेऊन टाइमलाइनवर अडखळत बसणारी कितीतरी पोरं दादांनी वाचवली आहेत. एवढं त्यांचं सोळा आणे खरं.

पण तेवढ्यावर थांबले तर ते दादा कसले? त्यांना सेकंदाला सात हजार एमबी वाचणारी एसएसडी हवी असते. आता हिशेब बघा. शंभर एमबीपीएसचं फुटेज म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला पंचेचाळीस जीबी. तीन कॅमेरे एकदम चालवले तरी चाळीसच्या आत. साधी साटा एसएसडीसुद्धा पाचशेच्या वर देते. उरलेल्या वेगात वधूवर लवकर सप्तपदी करतात असं काही नाही. मशीन फारच कुथत असेल तर प्रॉक्सी करून घ्यावी, हा उपाय सगळ्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट आहे. दादांसमोर मात्र प्रॉक्सीचं नाव काढू नये. तो त्यांना पराभव वाटतो.

यादी पक्की झाली की खरी अडचण येते: मुहूर्त. जानेवारीत लास व्हेगासला नवीन माल जाहीर होतो, म्हणून डिसेंबरात घेणारा मूर्ख. जाहीर झाला की तो इकडे येईपर्यंत थांबायचं, आला की भाव उतरेपर्यंत, उतरले की दिवाळीच्या सेलपर्यंत. तोवर पुन्हा जानेवारी दिसायला लागतोच. २०२१ मध्ये मायनिंगवाल्यांनी कार्डं उचलली आणि भाव कुठल्या कुठे गेले, तेव्हा दादांनी जाहीर केलं, की गेल्याच वर्षी घ्यायला हवं होतं. गेल्या वर्षी ‘थांब’ कोण म्हणालं होतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दादांचं स्वतःचं मशीन काचेच्या कॅबिनेटात आहे. आत सात रंगांचे दिवे, लिक्विड कूलर, धुळीचा कण नाही. त्यावर ते रोज सिनेबेंच चालवतात आणि आलेला आकडा वहीत लिहितात. एडिटिंगला एकच काम घेतलंय, पुतण्याच्या मुंजीचं. रंग नीट बसत नाहीत, मॉनिटर बदलला की मग, असं चाललंय. बटू आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

यंदा एका पोराचा धीर सुटला. तुळशीचं लग्न तोंडावर, तारखा धरलेल्या, जुना लॅपटॉप धापा टाकतोय. दादांना न विचारता तो गल्लीत गेला, ऐंशी हजारांत बसेल ते जोडून घेतलं (प्रोसेसर मात्र ‘एफ’ नसलेला, हे संस्कार) आणि मशीन एसटीच्या सीटवर मांडीत धरून आणलं. पहिल्या लग्नाची हायलाइट त्याने दादांना मोबाइलवर दाखवली. पाठवणीला शेजारच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. दादा शेवटपर्यंत टक लावून बघत होते.

‘‘एक्सपोर्टला किती वेळ लागला?’’

‘‘माहीत नाही, दादा. लावून जेवायला गेलो होतो.’’