रोम्युलाची पंगत

"काय हो वहिनी, काल बराच वेळ दिवा होता तुमच्याकडे?"

"वाचत होते हो काकू. रोमच्या सम्राटांच्या घरातल्या भानगडी! ख्रिस्ती धर्माला राजमान्यता दिली म्हणून नाव कॉन्स्टंटाइनचं. पण पहिलं फर्मान काढलं ते गॅलेरियसनं, आणि तो तर ख्रिस्त्यांचा पक्का वैरी!"

"हा कोण आणखी?"

"डायोक्लेशन सम्राटाचा जावई. 303 साली प्रार्थनामंदिरं पाडली, धर्मग्रंथ जाळले, तेव्हा हाच सासऱ्याच्या कानाशी लागलेला. आणि ह्याच्या कानाशी कोण, तर आई, रोम्युला! बाई डोंगरातल्या देवांची भक्त. रोज उठून बळी द्यायची नि गावाला जेवू घालायची. ख्रिस्ती मंडळी पानावर बसायचीच नाहीत. इकडे पंगत झडतेय आणि ते आपले उपास धरून प्रार्थना करताहेत."

"बाईच्या जिव्हारी लागणारच की!"

"लॅक्टँटियस म्हणून लेखक होता, त्यानं लिहून ठेवलंय. स्वतः ख्रिस्ती, तेव्हा तिखटमीठ लावलंच असणार. गॅलेरियसच्या दुखण्याचं वर्णन तर जेवताना वाचू नये. अंग सडलं, किडे पडले. वैद्य हरले, अपोलोला साकडं घालून झालं. शेवटी 311च्या एप्रिलमध्ये फर्मान: ख्रिस्त्यांनी खुशाल आपल्या सभा भराव्यात, आणि आमच्यासाठी त्यांच्या देवाची प्रार्थना करावी!"

"आता बरी गरज पडली! मग, वाचला?"

"छे, काही दिवसांतच गेला."

"आणि तो कॉन्स्टंटाइन?"

"त्यानं 312 साली बायकोच्या भावाला, मॅक्सेन्शियसला हरवलं. तो टायबर नदीत बुडाला. पुढच्याच वर्षी मिलानला बहिणीचं लग्न लावलं लिसिनियस सम्राटाशी, आणि तिथंच दोघांनी ठरवलं, ज्यानं त्यानं आपला देव पुजावा. शिवाय ख्रिस्त्यांच्या जप्त केलेल्या जागा पैसे न घेता परत. गॅलेरियसनं नुसतं राहू दिलं होतं, यांनी सातबाराच हातात दिला म्हणा ना."

"म्हणजे माणूस चांगला."

"कसला! नाण्यांवर पुढेही कित्येक वर्षं सूर्यदेवच. बाप्तिस्मा घेतला तो 337 साली, मरायला टेकल्यावर. तोवर त्या लिसिनियसला मारलं, बहिणीनं पदर पसरला होता तरी. पोटचा पोरगा क्रिस्पस मारला, मागोमाग बायको फाउस्टा."

"अगं बाई! तिनं काय केलं?"

"कुणी म्हणतं, सावत्र मुलावर तिनं खोटा आळ घेतला. पण युसेबियस बिशपनं कॉन्स्टंटाइनचं अख्खं चरित्र लिहिलं, त्यात या दोघांबद्दल अवाक्षर नाही."

"मग नक्कीच पाणी मुरतंय!"