बागसेवनियाच्या वैद्यांस, ग्लासगोहून

ग्लासगो, रविवार

ती. बाबा आणि आई यांस,


आम्ही सगळे मजेत आहोत. मासेही मजेत आहेत. टाकीतल्या झाडांची तब्येत मात्र तोळामासा आहे आणि तुमचे जावई त्यांच्या उशाशी बसून असतात. ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी टाकीपाशी जातात आणि "आज आणखी एक पिवळं पडलं" हे अशा आवाजात सांगतात, की चिनू घाबरून आधी मासे मोजते.

आईने व्हिडिओ कॉलवर केलेलं पहिलं निदान इथल्या मित्रमंडळींत फार गाजलं. "पानं पिवळी पडतायत म्हणजे पाणी जास्त होतंय गं." मी म्हटलं, अगं, ती पाण्याखालीच असतात. त्यावर "मग तर झालंच!" असं म्हणून ती कुकर बंद करायला निघून गेली. पण तिची थट्टा पुरे, कारण जाता जाता तिनेच विचारलं होतं, "तो जाड कंद रेतीत कशाला गाडलाय? कुजेल." तो होता अनुबियस. त्याचा कंद गाडायचा नसतो, दगडाला किंवा लाकडाला नुसता बांधायचा असतो. जावईबापूंनी रात्री गुपचूप उकरून काढला, तर खालची बाजू मऊ पडायला लागली होती. तेवढी कापून टाकली.

दुकानदाराचं म्हणणं, दिवा मोठा घ्या. अर्थात दिवे तोच विकतो. इथे डिसेंबरात दुपारी पावणेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे ते आम्हाला पटलंही. पण उजेड वाढवला की झाडाची भूक वाढते, आणि ताटात काही नसलं तर ते आणखी लवकर सुकतं. उजेडाचं सोनं करतं ते शेवाळ. पंधरवड्यात काचेवर हिरवी साय धरली आणि पानं होती तशीच पिवळी राहिली. दिवा आता पुन्हा सात तासांवर आला आहे.

बाबा, तुम्ही फोटो मागितलात तेव्हाच खरी तपासणी सुरू झाली. "पानामागे पांढरा कागद धर, टाकीचा दिवा बंद कर, आणि जुनं पान कुठलं, नवं कुठलं ते सांग." जन्मभर भोपाळच्या भेल कारखान्यात इन्स्पेक्शन केलेला माणूस पानालाही सोडत नाही. १९५६ मध्ये तुमच्या कारखान्याची स्थापना झाली ती विलायतेच्या एईआय कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने. आता बागसेवनियातून विलायतेला तांत्रिक साहाय्य जातं. हिशेब फिटला म्हणायचा.

तर तुमचा प्रश्न सगळ्यांत कामाचा निघाला. नवी पालवी फिकट आणि जुनी पानं हिरवी असतील, तर लोह कमी. लोह एकदा पानात बसलं की झाडाला ते हलवता येत नाही. उलट नायट्रोजन, पोटॅश, मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं. म्हाताऱ्यांच्या ताटातलं काढून पोरांना वाढतं, असं तुम्ही समजावत होतात तेव्हा मागून आईचा आवाज आला, "त्यात नवीन काय?"

आमच्या हायग्रोफिलाची शेंड्याची पानं हिरवीगार होती, पिवळी पडली होती ती खालची. त्यांतही अख्खं पान सारखं पिवळं असतं तर नायट्रोजनवर संशय गेला असता. पोटॅश कमी असतं तर बारीक भोकं दिसली असती. आमच्या पानाच्या शिरा नीट हिरव्या आणि शिरांमधली जागा तेवढी पिवळी. तुम्ही तिकडून निकाल दिलात: मॅग्नेशियम.

आणि मग "पाणी कुठलं?" हा दुसरा प्रश्न. इथलं पाणी लॉख कॅट्रिन तलावातून येतं. पटकीच्या साथींनी शहर हैराण झाल्यावर ही योजना आखली आणि १८५९ मध्ये व्हिक्टोरिया राणीने तिचं उद्घाटन केलं. ग्लासगोकराला या पाण्याचा भारी अभिमान. पावसाचं पाणी कठीण खडकावरून वाहत येतं, त्यात क्षार नावाला. चहा सुरेख होतो आणि किटलीत पांढरा थर धरत नाही. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने बादलीच्या काठावर जी पांढरी किनार येते, तिला तू, आई, किती घासून काढायचीस! झाडांना नेमके तेच क्षार हवे असतात. इतक्या निर्मळ पाण्यात ती बिचारी उपाशी राहिली होती.

औषध तुम्ही सांगितलं तेच आणलं, एप्सम सॉल्ट. शंभर लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम. कॅल्शियमसाठी फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा ठेवला आहे. पण हे मीठ जुलाबाचंही, हे चिनूला कुठूनसं कळलं. तिने शाळेत जाहीर केलं, की आमचे बाबा माशांना जुलाब देतात. बाईंनी मला थांबवून माशांची चौकशी केली.

गुण येतो आहे. जुनी पानं पुन्हा हिरवी होण्याची वाट बघायची नाही, ती कापायची आणि नव्या पानांवर नजर ठेवायची, हे तुमचं म्हणणं जावईबापूंनी फळ्यावर लिहून ठेवलंय. नंतर आलेली पानं खाली सरकली तरी अजून हिरवी आहेत.

आता एक कळकळीची विनंती. मे महिन्यात येताना बड्या तालाबातली वॅलिसनेरिया ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचा बेत आहे, असं आईकडून कळलं. बाबा, आणू नका. परदेशातली रोपं इथे रोगमुक्ततेच्या सरकारी दाखल्याशिवाय आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. शिवाय तिला क्षारांचं पाणीच मानवतं, इथे ती आणखी एक पेशंट होईल. आणि तो तलाव पाणथळ जागांच्या रामसर यादीतला आहे, २००२ पासून. तिथलं तिथेच राहू द्या.

बॅगेत जी जागा उरेल तिथे लसणाची चटणी आणि ज्वारीचं पीठ भरा. ते दोन्ही इथे चालतं.

तुमची,
बेबी

ता. क. आई, एप्सम सॉल्ट तुळशीला घालू नकोस. तुझ्या बोअरच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर आहे. तिची पानं पिवळी पडतायत ती खरंच पाणी जास्त झाल्याने.