लुटीचा हिशेब

"काय वो वैनी, बघितलं का?" काकूंनी भिंतीवर कोपर टेकवून आवाज खाली आणला, म्हणजे गल्लीतल्या शेवटच्या घराला ऐकू जाणार नाही इतकाच. "समोरच्या गच्चीवर. ऑगस्टात लावलेला झेंडा, अजून उतरवला नाही. हिरवा पट्टा पार चिंध्या झालाय."

"आता रात्रंदिवस ठेवता येतो म्हणे."

"येतो की! २०२२ला नियम बदलला. पॉलिस्टरचा तर त्याच्या आधीपासनंच चालतो. फाटका चालतो असं कुठं लिवलंय? आणि हे आपल्या नांदेडात! उदगीरला झेंड्याची खादी विणायची, नांदेडला झेंडा शिवायचा, बाहेरच्या राज्यांत पाठवायचा, नि आमच्या गच्चीवर सिग्नलवरचं फडकं."

"तुम्ही घेतला का मग खादीचा?"

"आमचे हे गेले होते. किंमत ऐकून परत आले. म्हणाले, एवढ्यात महालक्ष्म्यांना दोन साड्या येतील."

"मग?"

"मग काय, साड्या आणल्या."

यंदा महालक्ष्म्या नि सतरा सप्टेंबर अगदी लागून आलेत. काकूंच्या घरात मुखवटे पुसून ठेवलेत, सोळा भाज्यांपैकी पडवळ तेवढं मिळायचं बाकी. त्यात सून पुण्याची. तिनं परवा विचारलं, ऑगस्टात झेंडावंदन झालं ना, मग सतरा सप्टेंबरला परत कशाचं? काकू भाजीची जुडी तशीच हातात धरून तासभर बोलत होत्या म्हणे.

"तिला सांगितलं, तुमचं पुणं १५ ऑगस्ट १९४७ला सुटलं. आम्ही पुढं तेरा महिने निजामाकडंच. त्या दिवशी हैदराबादेत तिरंगा लावला म्हणून स्वामी रामानंद तीर्थांना धरून नेलं. १९४८च्या १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा शिरल्या, १७ला निजाम शरण आला. चार-पाच दिवसांचं काम, पण वाट बघणाऱ्याला विचारा! रझाकार येतेत म्हणलं की आमच्या सासूबाईंच्या घरची माणसं पोरीबाळींना घेऊन ज्वारीत लपायची."

"त्या उमरीकडच्या ना?"

"तर! उमरीची बँक लुटली ना आपल्या लोकांनी, १९४८च्या जानेवारीत, लढ्यासाठी. गंमत सांगू? त्या लुटीच्या पैशाचा हिशेब ठेवला होता. चोख! आणि आपल्या मंडळाला मागच्या साली विचारलं, डीजेला किती गेले, तर अध्यक्ष म्हणतो, काकू, देवाच्या कामात हिशेब कसला."

मला हसू आवरेना. (हा अध्यक्ष काकूंचाच भाचा आहे, पण ते मी बोलले नाही.)

सतराला सकाळी विसावा उद्यानात हुतात्मा स्मारकापाशी झेंडावंदन, तिथून गुरुद्वाऱ्यात लंगरला, असा काकूंचा बेत. सूनपण येणार. नव्या साडीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. मंडळाची पोरं, महाप्रसादाची वर्गणी मागायला. काकूंनी कमरेची पिशवी काढली, पाचशेची नोट नीट उलगडली आणि हातातच ठेवली.

"मागच्या सालची वही आणली का?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

"जावा, घेऊन या. मी हितंच आहे. हां वैनी, तर पडवळाचं काय म्हणत होते मी..."