कपाटातला प्रोजेक्टर

आमच्या हायस्कुलात प्रोजेक्टर आला तेव्हा त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. सरपंच म्हणाले, "आता आपली पोरं थेट नासात!" टाळ्या संपायच्या आत मुख्याध्यापकांनी तो लोखंडी कपाटात ठेवला. किल्ली खिशात, खिशाला सेफ्टी पिन.

प्रोजेक्टर लोकवर्गणीचा, म्हणजे हक्क सगळ्या गावाचा. पन्नास रुपये दिलेल्या एका गृहस्थांनी तो लेकीच्या लग्नाची शूटिंग बघायला मागितला. तेव्हापासून पहारा आणखी कडक झाला. वर्षातून तो दोनदा बाहेर निघतो. एकदा तपासणीला आणि एकदा तपासणीच्या रंगीत तालमीला. पडदा म्हणजे शिपाईमामांच्या घरची चादर. तिच्या खालच्या काठाला गुलाब आहेत. सहामाहीत एकाने अंटार्क्टिकावर गुलाब काढला. मी अर्धा गुण दिला. बिचाऱ्याने दिसलं तेच काढलं होतं.

पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड असतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्या छोट्याशा जिल्हा परिषद शाळेत ते आधीच वापरात आणले होते. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, १० लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. आमच्या सरांच्या हातून किल्ली सुटत नाही.

बरं, कोड आहे, पण रेंज नाही. ती फक्त पाण्याच्या टाकीवर मिळते. एकदा प्रकाशाच्या अपवर्तनाचा व्हिडिओ उतरवून घ्यायला मी टाकीवर चढलो, तर खालून एक आजी हात जोडून म्हणाल्या, "मास्तर, खाली या बाबा. संसारात व्हायचंच असं." संध्याकाळपर्यंत अर्धा गाव बायकोची समजूत काढून गेला.

पेशी शिकवायची वेळ आली. सूक्ष्मदर्शक आहे, पण त्याचं भिंग फक्त डेडस्टॉक रजिस्टरात आहे. शेवटी माझा मोबाईल बाकावर उताणा ठेवला, सेल्फी कॅमेऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडला आणि त्याच्यावर कांद्याचा पापुद्रा अलगद धरला. थेंब वरून फुगीर, म्हणजे बहिर्वक्र भिंगच. व्हिडिओत शोधत होतो ते अपवर्तन इथे फुकट हजर होतं. दोन थेंब ओघळले, तिसरा टिकला. मोबाईलच्या पडद्यावर पेशींच्या रांगा दिसल्या आणि वर्ग गप्प झाला. असा गप्प वर्ग मी तपासणीलाही पाहिलेला नाही. मागच्या बाकावरचा, गवंड्याचा मुलगा वाकून बघत म्हणाला, "सर, जोडाखाली जोड येऊ दिला नाही. मिस्त्री पक्का आहे." पेशीभित्तिकेवर मी वीस वर्षं बोलतोय, पण इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं.

मग प्रत्येकाला स्वतःच्या हाताने थेंब सोडायचा होता. मोबाईल तीनदा भिजला, तरी अजून चालतो. कांदे मात्र पोषण आहाराच्या खोलीतून येत होते, आणि ते किती आले हे कोणी मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी त्या खोलीला कुलूप लावलं.

किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे.